चौथ्या गाण्यातली रिकामी जागा

अनोळखी नंबरवरून फोन आला आणि समोरच्याने पहिल्याच वाक्यात माझं कौतुक केलं, की मी सावध होतो. वीज कंपनीच्या भरारी पथकात सतरा वर्षं काढली आहेत. दारात गेल्या गेल्या जो "या साहेब, बसा साहेब, चहा घ्या साहेब" करतो, त्याच्या मीटरमागे वायर निघतेच निघते.

पण ही मुलगी कौतुक करत नव्हती.

"ईश्वर पाटील काकाच ना? मी रोशनी, जळगावहून बोलतेय. दोन हजार चार साली तुम्ही 'फॅलो'वर एक लेख लिहिला होता. त्याच्यात काहीतरी चुकलंय असं मला वाटतं."

फोन ठेवायला हवा होता. ठेवला नाही, कारण नाकाला मिरच्या झोंबल्या.

'फॅलो' म्हणजे पुढचं पीक चांगलं यावं म्हणून पडीक ठेवलेली जमीन. रस्टहॅमर नावाच्या मेटल बँडचा हा सहावा अल्बम. कॉलेजात असताना आमच्यासाठी रस्टहॅमर म्हणजे देव होते. त्यांच्या गिटारचा गडगडाट ऐकला की मणक्यातून करंट जायचा. पाचव्या अल्बमपर्यंत अख्खं जग त्यांच्या पायाशी होतं आणि सहाव्याला त्याच जगाने त्यांना जोड्याने मारलं. मीही मारलं. धुळ्यात हे संगीत ऐकणारे आम्ही डझनभर असू; त्या डझनभरांसाठी मी 'खणखणाट' नावाचं चार पानांचं झेरॉक्स मासिक काढायचो. चाळीस प्रती. त्यातल्या तीस तरी भजीवाल्याच्या कामी आल्या असतील.

"तुला कुठे मिळाला तो अंक?" मी विचारलं.

"घरात होता. बाबांनी ठेवलाय. समाधान बैसाणे."

नाव ऐकलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो. समाधानशी मी एकवीस वर्षं बोललो नव्हतो.

रोशनी बोलतच होती. ती पत्रकारितेचं शिकत होती आणि अभ्यासक्रमासाठी तिला एक पॉडकास्ट करायचा होता. इतक्या वर्षांनी 'फॅलो' पुन्हा निघाला होता आणि ज्यांनी शिव्या दिल्या तेच आता डोक्यावर घेऊन नाचत होते. म्हणून तिने जुनी परीक्षणं गोळा केली होती. "काका, सगळ्यांची तक्रार एकच होती. अल्बममध्ये शांतता फार आहे, गाणी मध्येच थांबतात, मेटलवाले झोपी गेले. तुम्ही एकटेच लिहिलंय की गोंगाटच गोंगाट आहे, श्वास घ्यायला जागा नाही. तुम्ही नक्की हाच अल्बम ऐकला होता का?"

"मी कळवतो," म्हणून मी फोन ठेवला.

हेमलता, माझी बायको, समोर भाकरी थापत होती. तिला सांगितलं. वर म्हणालो, यात पाणी मुरतंय. एकवीस वर्षांनी त्याने पोरीला पुढे केलंय. माझा आवाज रेकॉर्ड करायचा आणि चारचौघांत माझी शोभा करायची.

"तुम्ही दुधालासुद्धा मीटर लावाल," हेमलता म्हणाली. "पोरीला जे वाटलं ते तिने विचारलं. तुम्हाला का एवढं लागलं?"

का लागलं, ते सांगतो.

समाधान आणि मी धुळ्यात एकाच कॉलेजात, एकाच बाकावर. मी गिटार वाजवायचो, तो ड्रम. साक्री रोडला माझ्या आधारकाकांचं बियाणांचं दुकान होतं आणि मागे गोदाम. दर रविवारी पोत्यांच्या थप्प्यांमध्ये आमची प्रॅक्टिस चालायची. समाधान माझ्यापेक्षा हुशार होता, हे मी तेव्हाही जाणून होतो, पण कबूल कधी केलं नाही.

'फॅलो' आला तेव्हा धुळ्यात त्याची सीडी एकच आली. पाचकंदीलजवळ मगनभाऊंचं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं, त्यांनी ती नाशिकच्या कुणाकडून तरी चार दिवसांसाठी आणली होती. मगनभाऊंनी मला कॅसेट भरून दिली. समाधान तेव्हा एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. त्याने सीडीच मागून नेली आणि क्लासच्या कॉम्प्युटरवर हेडफोन लावून ऐकली.

दुसऱ्या दिवशी तो सायकल टाकून धावतच आला. "इश्या, चौथं गाणं! मध्येच सगळं थांबतं रे. गिटार नाही, काही नाही. कुणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटतं, आणि मग लांबून एक काठी वाजते. ठक. बऱ्याच वेळाने पुन्हा ठक. न वाजवणं हेसुद्धा वाजवणंच असतं, हे मला आज कळलं."

मी घरी जाऊन चौथं गाणं तीनदा ऐकलं. कुठे थांबत नव्हतं, कुठे काठी नव्हती. पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत नुसता दणदणाट. मी त्याला म्हणालो, फेकू नको. तो म्हणाला, तुझ्या कॅसेटमध्येच काहीतरी सुटलं असेल, क्लासवर येऊन ऐक. मी म्हणालो, अख्खं धुळं मगनभाऊंकडून कॅसेट भरून घेतं, आणि तुझ्या एकट्याच्याच कानाला बरं वेगळं ऐकू आलं. त्याने मला तीनदा बोलावलं. मी गेलो नाही. सीडी नाशिकला परत गेली आणि विषय संपला. 'खणखणाट'मध्ये मी लिहिलं, "काही लोकांना या अल्बममध्ये शांतता ऐकू येते म्हणे. अशांनी आपले कान तपासून घ्यावेत, नाहीतर जीभ."

नंतर महिन्याभरात गोदामातून माझी गिटार गेली.

कुलूप तोडलेलं नव्हतं. किल्ल्या तीन होत्या. एक माझ्याकडे, एक समाधानकडे, एक आधारकाकांकडे. आदल्या दिवशी समाधान शेवटी निघाला होता. तो म्हणाला, मी कुलूप लावूनच गेलो. त्याच संध्याकाळी आधारकाका आणि मी त्याच्या घरी गेलो. घरात त्याची आई होती, भागाबाई. कुणाला न विचारता आम्ही खाटेखाली पाहिलं, माळ्यावर पाहिलं. पत्र्याची मोठी पेटी होती, ती मी उघडली आणि सगळं सामान जमिनीवर काढलं. समाधानची प्रमाणपत्रं, चार भांडी, धम्मपरिषदेला नेसायची पांढरी साडी. गिटार मावेल एवढी ती पेटी नव्हतीच, हे उघडण्याआधीही दिसत होतं. ती माझी पहिली धाड. काहीच सापडलं नाही. शेजारीपाजारी दारात उभे राहून बघत होते.

पुढे कॉलेजबाहेरच्या टपरीवर कुणीतरी विषय काढला, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "जो गाण्याबद्दल खोटं बोलतो, तो गिटारबद्दल खरं कशाला बोलेल?" पोरं हसली. समाधान तिथेच उभा होता. त्याने हातातला चहा न पिताच ठेवला. त्याच वर्षी तो जळगावला निघून गेला.

गिटार आजतागायत सापडली नाही. आणि माझं ते वाक्य मी एकवीस वर्षं जपून ठेवलं होतं. कधी मनात आलंच की त्याच्या घरी जाऊन आपण वाईट वागलो, तर मी स्वतःला हेच वाक्य ऐकवायचो आणि झोप लागायची. आता ही पोरगी विचारत होती की तुम्ही अल्बम नक्की ऐकला होता का. त्या गाण्यात ती जागा असेल, तर समाधान खोटं बोलला नव्हता. आणि तो खोटं बोलला नव्हता, तर मी त्याच्या आईची पेटी कशाच्या जोरावर उपसली?

रविवारी दुपारी हेमलताचे हेडफोन मागून घेतले आणि मोबाइलवर 'फॅलो' लावला. चौथं गाणं. सुरुवात ओळखीची होती, तोच दणदणाट. मी मनात म्हणालो, बघ, बरोबरच लिहिलं होतं. दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंदांनी सगळं थांबलं.

मला वाटलं मोबाइल बंद पडला. पडदा पाहिला; सेकंद पुढे सरकत होते. मग कुणीतरी श्वास घेतला. बराच वेळ काही नाही. मग लांबून, एखाद्या मोठ्या रिकाम्या घरात वाजावी तशी, काठी वाजली. ठक. अठ्ठेचाळीस सेकंदांनी गिटार परत आली, आणि ती तीच धून होती जिला मी एकवीस वर्षं गोंगाट म्हणत आलो होतो. भारनियमनाच्या दिवसांत वीज गेली की पंखा थांबायचा, आणि तेव्हा कुठे कळायचं की तो इतका वेळ आवाज करत होता. वीज आली की तोच आवाज बरा वाटायचा. तसंच झालं. पडीक जमीन हे नाव त्या मंडळींनी का दिलं, ते मला त्या दुपारी कळलं. मला ते गाणं आवडलं, आणि आवडल्याचा इतका राग आला की मी हेडफोन काढून पलंगावर फेकले.

आणि लगेच संशय आला. ही नवी आवृत्ती. कंपनीने ती जागा मागाहून घुसवली असणार. विकायला काहीतरी नवं नको का? मग मी जुन्या सीडीवरून कुणीकुणी इंटरनेटवर टाकलेली गाणी शोधली. चार वेगवेगळ्या देशांतली चार माणसं, चौघांच्याही गाण्यात दोन एक्केचाळीसला सगळं थांबत होतं. आमच्या धंद्यात एक नियम आहे. मीटरवर संशय आला की त्याच्या जोडीला दुसरा चेक मीटर लावायचा. दोघांचं रीडिंग जुळलं नाही, तर दोघांपैकी एकात कुणाचा तरी हात आहे. माझं रीडिंग होतं माझी कॅसेट.

माळ्यावरच्या खोक्यातून कॅसेट काढली आणि पाचकंदील गाठलं.

मगनभाऊंच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकतात. दुकान सून चालवते, ज्योती. मगनभाऊ कोपऱ्यात स्टुलावर बसतात, आणि शेजारी त्यांचा जुना कॅसेट डेक फडक्याखाली झाकलेला असतो. कॅसेटवरचं स्वतःचं अक्षर बघून म्हातारा खुलला. डेक चालू झाला, चौथं गाणं आलं. मी मोबाइलच्या घड्याळात बघत होतो. दोन एक्केचाळीसला गाणं थांबलं नाही. फक्त एक बारीकसा आवाज आला, टक्, आणि दणदणाट पुढे सुरू. तो टक् मी शेकडो वेळा ऐकला होता. मला वाटायचं, तो गाण्यातलाच आहे.

"मगनभाऊ, हे काय वाजलं?"

"हाऊ मन्हा हात शे, भाऊ," मगनभाऊ छाती फुगवून अहिराणीत म्हणाले. त्यांनी डेकवरच्या लाल-हिरव्या दिव्यांच्या रांगेवर बोट ठेवलं. आवाज वाढला की दिवे वर चढतात, कमी झाला की खाली येतात. "दिवा पडनात का पॉज. दिवा चढनात का सोडी देवानं. माले गानं ऐकानं कामच नही पडे. नुसता दिवा देखाना." म्हणजे गाणं शांत झालं की ते रेकॉर्डिंग थांबवायचे आणि आवाज आला की पुन्हा सुरू करायचे.

"पण का?"

"अरे, लगीनमा गानं थांबनं का लोके बोंबलतस! दोंडाईचाना एक मंडपवाला बारा कॅसेटी परत लई ऊना व्हता. म्हने, मजारमा रिकाम्या शेतस. तवयपाईन मी रिकामं कधी भरंच नही." आणि मग माझ्याकडे बघून, अगदी मनापासून विचारलं, "रिकामं कोन ऐकस, भाऊ?"

मी हसलो. चूक म्हणावी तर म्हाताऱ्याने इमानाने काम केलं होतं. वरातीत आणि मांडवात जे चालतं ते त्याने रस्टहॅमरलाही लावलं. मला आता बरंच वाटायला लागलं होतं. दोष मगनभाऊंचा. समाधानही खरा, मीही खरा. रोशनीला गमतीचा किस्सा सांगून मोकळं व्हावं.

कॅसेट परत देताना मगनभाऊ म्हणाले, "हाई कॅसेट करता तवय एक पोऱ्या ऊना व्हता. बारीक, चष्मावाला. म्हने, ईश्वरनी कॅसेट परत भरी द्या, तिनामा काहीतरी सुटनं शे. पैसा बी लई ऊना व्हता. मी त्याले हाकली दिधं. म्हनं, आजपर्यंत मन्ही कॅसेटले कोनी नाव नही ठेवं."

समाधान माझ्यासाठी इथे येऊन गेला होता. मी त्याला फेकू म्हणत होतो, आणि तो माझी कॅसेट दुरुस्त करून घ्यायला इथे उभा होता. मी ज्योतीकडून नको असलेलं एक मोबाइल कव्हर विकत घेतलं आणि बाहेर पडलो. मला शरम वाटली. सरळ सांगतो, फार शरम वाटली.

तरी पुढच्या रविवारी जळगावच्या एसटीत बसलो तेव्हा जुनी खोड सुटली नव्हती. पारोळा येईपर्यंत मी काय बोलायचं ते ठरवलं आणि एरंडोलपर्यंत कशात अडकायचं नाही ते. पोरीने गिटारचा विषय काढला तर म्हणायचं, तो विषय वेगळा आहे. समाधानने काढला तर म्हणायचं, तेव्हा आपण लहान होतो. साक्षीदाराने उलटतपासणीला जावं तसा मी निघालो होतो. कॅसेट खिशात होती आणि मगनभाऊंकडून मागून आणलेला जुना टेपरेकॉर्डर पिशवीत.

समाधानचं घर पिंप्राळ्यात. दोन खोल्यांवर वाढवलेला वरचा मजला, दारात तुळस नाही पण जास्वंद. आत भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो. दार त्यानेच उघडलं. ज्युनिअर कॉलेजात तो फिजिक्स शिकवतो. केस पांढरे झालेत, चष्मा तसाच जाड.

"ये, ईश्वर," तो म्हणाला. इश्या नाही.

आत कॉटवर भागाबाई मेथी खुडत बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या असतील. मी वाकलो तेव्हा त्यांनी मान हलवली. त्यांना मी ओळखू आलो की नाही, ते कळेना. कॉटखाली मी बघायचं टाळलं, पण पेटीचा निळा कोपरा दिसलाच. रोशनीने टेबलावर छोटासा रेकॉर्डर ठेवला आणि चहा आणला. बापासारखीच सडपातळ, डोळे मात्र आजीचे, बघतील ते सोडत नाहीत असे. मी लाल दिव्याकडे बघितलं. चालू होता.

मी सगळं सांगितलं. कॅसेट वाजवली, तो टक् ऐकवला. मगनभाऊंचे दिवे, दोंडाईचाचा मंडपवाला, रिकामं कोन ऐकस. रोशनी हसून हसून लाल झाली. म्हणाली, काका, हे सोनं आहे. जगाने शांततेला शिव्या दिल्या आणि धुळ्याने शांतता न ऐकताच दिल्या. मी गाण्याबद्दलही बोललो. हा अल्बम मोठा आहे, मी चुकलो होतो, आणि दणदणाट परत येतो तेव्हा तो कशासाठी आहे हे कळायला आधी ती जागा ऐकावी लागते, असं सगळं. चांगलं बोललो असेन, कारण मला ते खरंच वाटत होतं. शेवटी समाधानकडे वळून म्हणालो, "मगनभाऊंकडे तू गेला होतास, तेही मला कळलं. तू खरं बोलत होतास."

समाधान हसला नव्हता. "गाण्याबद्दल," तो म्हणाला.

"हो."

"मला एक सांग. तू ती कॅसेट तपासली असतीस आणि ती पूर्ण निघाली असती, चौथ्या गाण्यात खरंच काही नसतं, तर मी गिटार चोरली होती असं झालं असतं का?"

पारोळ्यापासून जमवलेली उत्तरं मी शोधली. तो विषय वेगळा आहे. आपण लहान होतो. यातलं एकही तोंडातून निघेना. तो विषय वेगळा नव्हता. दोन्ही विषय मीच तर एका वाक्यात बांधले होते. गाणं सापडलं होतं, गिटार अजून सापडली नव्हती, आणि पुरावा मिळाल्याशिवाय मी कधी कुणाला निर्दोष लिहिलेलं नाही.

"नाही," मी म्हणालो. "गाण्याचा काही संबंधच नव्हता."

"मग?"

रेकॉर्डरचा लाल दिवा दिसत होता. बंद कर म्हणता आलं असतं.

"कुलूप उघडं दिसलं तेव्हा काकांनी पहिलं नाव तुझं घेतलं. दुसरं घेतलंच नाही. तुमच्या वस्तीचं नाव निघालं की आमच्या घरात आवाज खाली यायचा, तुला माहीत आहे. किल्ल्या तीन होत्या. तिसरी काकांची होती. त्यांच्या घरी जाऊन बघावं, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी मान हलवली आणि त्यांच्याबरोबर तुझ्या घरी निघालो. गाण्याचं मी नंतर जोडलं. चोर म्हणायला काहीतरी कारण लागतं ना. खरं कारण मला स्वतःलाच सांगवत नव्हतं."

समाधानने चष्मा काढला आणि शर्टाने पुसला. "हे मला तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "तुला कळायला एकवीस वर्षं लागली."

"माफ कर" म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात कॉटवरून आवाज आला. भागाबाईंचे हात मेथीतच होते.

"तू पेटीमाईन बठ्ठं बाहेर काढं. मन्ही पांढरी साडीवर पाय दिधा. चप्पलना ठसा उमटना. मंग तुम्ही दोन्ही निघी गयात." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, विचारायचं राहून गेलेलं विचारावं तसं. "ते बठ्ठं परत कोनी भरं, तुले माहीत शे का?"

मला माहीत नव्हतं. सतरा वर्षांत शेकडो घरं मी उपसली. मीटर उघडले, कपाटं सरकवली, पंचनाम्यावर सह्या घेतल्या आणि जीपमध्ये बसलो. मागे राहिलेलं कोण उचलतं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्या संध्याकाळी ती बाई शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत जमिनीवर बसून एकेक कागद गोळा करत असेल, आणि समाधान दारात उभा असेल. की तोही बसला असेल तिच्याबरोबर? डोळे भरून आले, आणि खाली बघितलं तर समोर पेटीचा तो निळा कोपरा.

बऱ्याच वेळाने भागाबाईच म्हणाल्या, "चहा पी. थंडा व्हई ऱ्हायना."

मी चहा प्यायलो. मग त्यांच्या पायाशी जाऊन माफी मागितली, समाधानचीही मागितली. भागाबाईंनी पाय मागे घेतले नाहीत, आणि डोक्यावर हातही ठेवला नाही. समाधान मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. रिक्षा मिळेपर्यंत उभा राहिला. आम्ही दोघं फक्त उन्हाबद्दल बोललो.

आठ दिवसांनी रोशनीचा फोन आला.

"काका, एडिटिंग करतेय. एक विचारायचं होतं. आजीने विचारलं, त्यानंतर तुम्ही काहीच बोलला नाहीत. बावन्न सेकंद. नुसता पंख्याचा आवाज आहे आणि मेथी खुडल्याचा. आमचे सर म्हणतात एवढी रिकामी जागा ठेवू नको, ऐकणाऱ्याला वाटतं बंद पडलं. सगळे कापतातच. कापू का?"

माझ्या मनात लगेच आलं, ही मुद्दाम विचारतेय. हो म्हणालो तर तेही सांगत सुटेल. बापाने शिकवलं असेल.

"बाबांना विचारलंस?" मी म्हणालो.

"विचारलं. ते म्हणाले, इश्याला विचार. ती जागा त्याची आहे."

हेमलता भाकरी टाकायची थांबून माझ्याकडे बघत होती. मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"राहू दे, बेटा," मी म्हणालो. "कापू नकोस."